‘खोली भरली’ सांगणारी पाटी

ऐका रे मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही, ‘मग पुढे काय’ विचारायचं नाही, मी सांगतेच आहे ना! वर्ष झालं, ही गोष्ट पोटात ठेवून आहे मी. दारावर लटकणाऱ्यांना कुणी कधी विचारतं का, की बाई, तुला काही सांगायचंय का म्हणून?

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. जुनी म्हणजे तुमच्या मानाने. आमच्या क्वेडलिनबुर्ग या जुन्या जर्मन गावातल्या ज्या घराला मी लटकते, त्याच्या तुळया चारशे वर्षांच्या आहेत. त्यांच्यापुढे मी काल आलेली पोर. पण तुळया बोलत नाहीत, हिवाळ्यात नुसत्या करकरतात. बोलायचं काम माझ्याकडे, आणि मला तरी येतात किती, तर दोन वाक्यं. एका अंगावर लिहिलंय, ‘खोली मिळेल’. दुसऱ्या अंगावर, ‘खोली भरली’. संपलं माझं शिक्षण.

देशाच्या मधली भिंत पडली ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला माझा जन्म. घरमालक हेर ड्रेवेस सुतार होते (आमच्याकडे पुरुषाला मानाने ‘हेर’ म्हणतात आणि बाईला ‘फ्राउ’). त्यांचा कारखाना बंद पडला होता, वरची तिरक्या छपराची खोली रिकामी होती आणि आमचं गाव बघायला पश्चिमेकडून माणसं यायला लागली होती. मग त्यांनी जुन्या कपाटाचं दार कापलं, रंधा मारला आणि हिरवा रंग घेऊन अंगणात बसले. त्यांच्या पत्नी, फ्राउ इर्मगार्ड ड्रेवेस, डोक्यावर उभ्या.

“वाल्टर, अक्षरं सरळ काढ. लोक काय म्हणतील?”

“लोक झोपायला येणार आहेत, अक्षरं तपासायला नाही.”

“आणि मागे पण लिही, ‘भरली’ म्हणून.”

“कशाला? आपल्याकडे भरण्याइतकं कोण मरायला येणार आहे?”

तरी लिहिलं त्यांनी, पण मन नव्हतं त्यात. त्यामुळे माझ्या ‘भरली’च्या बाजूचं शेवटचं अक्षर जागा संपून बारीक झालंय, दाटीत उभं राहिलेल्या माणसासारखं. मग दाराशेजारी, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून एक लोखंडी दांडी ठोकली, तिला दोन कड्या, कड्यांना मी. त्या जागेवरून मला सगळं ऐकू येतं. आत काय शिजतंय तेसुद्धा कळतं.

आणि लोक आले, मित्रांनो! खिशात फार नसलेले लोक. चर्चमध्ये गायला आलेली पोरं, सायकलवरून आलेली मास्तरीण, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला आलेलं एक जोडपं, ज्यांनी चादरीसुद्धा घरून आणल्या होत्या. खोलीची जमीन अशी उतरती, की सफरचंद ठेवलं तर गडगडत दारापर्यंत जायचं. पण चादर स्वच्छ, नाश्त्याला उकडलेलं अंडं, आणि फ्राउ ड्रेवेसना एक चांगली खोड होती. पाहुणे टेबलाखाली हात घालून दुपारसाठी चोरून पाव भरायला लागले, की त्या मुद्दाम पाठ करायच्या आणि चुलीशी बोलायच्या, “कागदाच्या पिशव्या त्या कप्प्यात आहेत बाई, मला काही दिसत नाही.”

आमच्या गल्लीत तेव्हा माझ्यासारख्या सहा पाट्या होत्या. समोरच्या घराची पाटी एका वादळात पडली. तिचे दोन तुकडे झाले आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या चिमणीतून जास्तीचा धूर निघाला. मी पाहिलंय ते. तेव्हापासून मला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. पाटीने जागेवर राहायचं. लिहिलंय ते सांगायचं. पडली की चूल.

मी नाही पडले. एकोणतीस वर्षं. किती वादळं आली, विचारू नका.

आता पेशेल जोडप्याचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

हेर लोथार पेशेल ट्रामच्या दुरुस्तीवर होते, त्यांची बायको रोस्विता धुलाईच्या दुकानात. त्यांचं गाव दूर, पार खाली झ्विकाऊला. वर्षातून एकदाच बाहेर पडायचे ते दोघं, नाताळाआधीच्या दुसऱ्या रविवारी. तेव्हा आमच्या गावातली जुनी अंगणं उघडतात, एरवी बंद असलेली, आत मेणबत्त्या, लाकडाची खेळणी, गरम वाइनचा वास. शनिवारी यायचं, एक रात्र राहायचं, रविवारी परत. एवढ्या एका रात्रीसाठी रोस्विताची तयारी वर्षभर चालायची! चौकटीच्या वहीचं एक पान घ्यायची आणि त्यावर ओळीने सगळं. कुठली साधी गाडी, कारण वेगवान गाडी परवडायची नाही. हाल्ले स्टेशनात कुठल्या फलाटावर गाडी बदलायची. तिकिटावर दोघांची नावं घरूनच लिहून ठेवायची. घरून काळा पाव, अंडी, थर्मास. सूप कुठल्या अंगणात मोठ्या वाडग्यात देतात, म्हणजे एक वाडगा आणि दोन चमचे. कुठल्या चर्चमध्ये फुकट शिरता येतं. आणि शेवटी नेहमी एकच, रविवारी सकाळी किल्ल्याच्या टेकडीवरचा बाक, जिथून सगळं गाव दिसतं आणि कुणी त्याचे पैसे मागत नाही. प्रत्येक ओळीसमोर एक छोटा चौकोन. झालं की टिक.

पहिली टिक कसली, तर माझ्या खोलीची. नोव्हेंबरच्या एक तारखेला रोस्विता फोन करायची. फोन नेहमी तीच करायची. हेर पेशेलना फोनची भीती वाटायची, ट्रामची वीज हातात धरतील पण फोन नाही.

आणि आल्यावर ती काय करायची माहितीये? बेल वाजवायच्या आधी माझ्याकडे यायची. रुमालाने माझं तोंड पुसायची. “काय गं, थंडी वाजत नाही तुला?” असं विचारायची. मला, पाटीला! आणि मग स्वतःच्या हाताने मला उलटवायची, ‘खोली मिळेल’वरून ‘खोली भरली’वर.

“लोथार, बघ. भरली. म्हणजे कोण?”

“आपण,” हेर पेशेल म्हणायचे, दरवर्षी तसेच लाजून.

“आता वाजव बेल.”

बावीस वर्षं असं चाललं. हेर ड्रेवेस वारले, तरी चाललं. फ्राउ ड्रेवेसचा एक गुडघा गेला, एका कानाने ऐकू येईना, तरी चाललं. बावीस वर्षांत एकमेकांना अहो-जाहोच, बरं का. आमच्याकडे माणसं जीव लावतात, पण अहो-जाहो सोडत नाहीत.

माझी मात्र पडती सुरू झाली होती. फ्राउ ड्रेवेसची मुलगी उल्रिके शेजारच्या राज्यात राहते. तिने खोली कम्प्यूटरवर टाकली. दाराला आकड्यांचं कुलूप असलेली किल्लीची डबी आली. पाहुणे आता बेलही वाजवत नाहीत, आकडे दाबतात, किल्ली घेतात, वर जातात. पाटीला विचारतो कोण? मला काढून मागच्या पडवीत ठेवलं, कोळशाच्या बादलीशेजारी. एक कोळी माझ्या ‘मिळेल’वर जाळं विणून मोकळा झाला.

पण फ्राउ ड्रेवेसनी एक अट घातली होती. नाताळाआधीचा दुसरा शनिवार-रविवार कम्प्यूटरवर टाकायचा नाही. त्या सुमारास मला बाहेर काढायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या आणि दांडीवर लावायच्या. वर्षातले चार दिवस का होईना, मी पाटी असायचे.

गेल्या वर्षी त्या आठवड्यात उल्रिके आली होती. मला पुसून बाहेर खिडकीखाली टेकवून ठेवलं होतं, तिथून सगळं ऐकलं मी.

“आई, या वर्षी फोन आला का त्यांचा?”

“येईल.”

“डिसेंबर उजाडला. एक तारखेला करतात ना त्या? म्हणजे येत नाहीयेत. तू केलास का?”

“केला. नुसता वाजतो. कुणी उचलत नाही.”

“मग दे मला. आत्ता टाकते कम्प्यूटरवर, तासाभरात जाईल. गावात एक खाट शिल्लक नाही, लोक तिप्पट द्यायला तयार आहेत. तुझ्या गुडघ्याच्या उपचाराला उपयोगी पडतील.”

“उल्रिके, ती खोली गेलेली आहे.”

“कुणाला? फोनसुद्धा न करणाऱ्यांना?”

“हो.”

“आणि नाही आले तर?”

“तर रिकामी राहील. खोलीला सवय आहे.”

उल्रिकेने डोळे फिरवले असणार. मला दिसलं नाही, पण पेला आपटल्याचा आवाज आला. जाताना मला लावलं तिनेच. उजव्या कडीचा स्क्रू हलवून म्हणाली, “हा गंजलाय आई. बदलायला हवा.” आणि निघून गेली.

शुक्रवारी मी ‘खोली मिळेल’ दाखवत होते, नेहमीसारखी; उलटवायचा मान रोस्विताचा ना. आणि शुक्रवारी सकाळपासून बेल! हँबर्गचे चौघं, मग कुत्रा घेतलेल्या दोघी, मग एक बाप आणि तीन पोरं. दर वेळी फ्राउ ड्रेवेस त्या गुडघ्यावर खुर्चीतून उठायच्या, दारापर्यंत यायच्या, माफी मागायच्या. सातव्यांदा बेल वाजली तेव्हा त्यांचा धीर सुटला. काठी टेकत बाहेर आल्या आणि मला उलटवलं.

‘खोली भरली’.

मित्रांनो, इथेच चूक झाली. कुणाची, ते तुम्ही ठरवा. बावीस वर्षांत त्या आठवड्यात पेशेल लोक यायच्या आधी मला कुणी उलटवलं नव्हतं.

शनिवार उजाडला. दुपारी बाराला ते दोघं यायचे. बारा वाजले. एक वाजला. आत वाटाण्याचं सूप उकळत होतं, वासाने मलाच कळत होतं. तीन वाजले. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली, आत रेडिओवर गाणी. पाच वाजता पूर्ण अंधार, कोपऱ्यावरच्या दिव्याखाली बर्फाची भुरभुर, आणि गल्लीच्या टोकाला हेर पेशेल.

एकटे.

पाठीवर दरवर्षीचीच निळी पिशवी. मी त्यांच्या मागे बघत होते, आत्ता येईल, कुठल्या तरी अंगणात डोकावत थांबली असेल. कुणी आलं नाही. ते माझ्यासमोर उभे राहिले. खिशातून घडी घातलेला कागद काढला, चौकटीच्या वहीचा. कागद बघितला. मला बघितलं. परत कागद. ओठ हलत होते, तीन वेळा वाचलं त्यांनी मला, जणू मधेच माझ्यावर दुसरं काही उमटेल.

“बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “फोन नाही केला. चूक आपलीच.”

त्यांनी टोपी काढली, मित्रांनो. पाटीसमोर टोपी काढली, परत घातली, आणि वळले.

तुम्ही म्हणाल, बेल वाजवायची ना! कशी वाजवतील? भरली म्हटल्यावर भरली. आमच्याकडे रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा असला तर माणूस थांबतो. आतल्या बाईला उगाच उठवायचं, उगाच ‘नाही’ म्हणायला लावायचं, हे त्यांच्याच्याने झालं नसतं. आणि तिकडे, काचेच्या पलीकडे चार पावलांवर, ती बाई त्यांच्याचसाठी सूप गरम करत होती. खोली भरली होती ती त्यांच्याच नावाने! मी खरं सांगत होते आणि माझा तो खरेपणाच त्या माणसाला दारातून हाकलत होता. माझ्याकडे तिसरं वाक्य नव्हतं. ओरडायला तोंड नव्हतं.

ते सात पावलं गेले. आठ.

वारा नव्हता, हे लक्षात ठेवा. बर्फ अगदी सरळ पडत होता.

मी उजवी कडी सोडली.

माझा सगळा भार डाव्या कडीवर आला, ती एकटी काय धरणार. दगडी पायरीवर असा आवाज झाला, की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. तोंडावर पडले मी. मधून चर्र झालं आणि कळलं, फुटलो आपण. वर आलं होतं माझं दुसरं अंग, ‘खोली मिळेल’, पण ते वाचायला कुणी नव्हतं, त्यावर बर्फ पडत होता. मला फक्त चूल दिसत होती.

आत फ्राउ ड्रेवेसना ऐकू आलं नाही. रेडिओ चालू होता.

पण पावलं थांबली. परत आली. हेर पेशेल वाकले, मला उचललं, बाहीने बर्फ झटकला. दांडीकडे बघितलं, कडी लावून पाहिली. लागेना. मग मला भिंतीला नीट टेकवून ठेवलं आणि पुन्हा निघाले. दोन पावलं. तिथे उभे राहिले.

“असं नाही चालणार,” ते स्वतःशीच पुटपुटले. “फुगेल ती ओलीने. रोस्विताने मला फाडून खाल्लं असतं.”

आणि बेल वाजवली! स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी.

दार उघडायला वेळ लागला. काठीचा आवाज, मग कडीचा.

“माफ करा फ्राउ ड्रेवेस, त्रास द्यायचा नव्हता. तुमची पाटी पडलीय. तेवढी द्यायला आलो.”

फ्राउ ड्रेवेस त्यांच्याकडे बघत राहिल्या. “हेर पेशेल. दुपारपासून तीनदा सूप तापवलं मी. त्याचा आता लगदा झालाय.”

“नाही, नाही, मी थांबत नाही. खोली भरलीय तुमची. वाचलं मी.”

“भरलीच आहे. तुम्हीच भरलीय ती. लोक बेल वाजवून जीव खात होते माझा, म्हणून उलटवली पाटी.”

“पण आमचा फोन...”

“नाही आला, माहितीये मला. तुम्ही माणसं दरवर्षी येता, फोन करता तो माझ्याशी गप्पा मारायला.” त्या त्यांच्या खांद्यावरून मागे डोकावल्या. “आणि रोस्विता कुठेत? शिरल्या ना कुठल्या तरी अंगणात? हाक मारा त्यांना, गार पडतंय.”

हेर पेशेलनी मला छातीशी धरलं होतं. त्यांचा श्वास माझ्या फटीतून आत येत होता.

“फोन ती करायची,” ते म्हणाले. “मला नाही जमत.”

बस, एवढंच म्हणाले. फ्राउ ड्रेवेसनी एका हाताने मला घेतलं, दुसऱ्या हाताने त्यांची बाही धरली आणि दोघांनाही आत ओढलं.

एकोणतीस वर्षं ज्या स्वयंपाकघराचं नुसतं ऐकत आले होते, ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितलं. मला चुलीजवळच ठेवलं होतं टेबलावर, म्हणून मी जरा घाबरूनच बघत होते. टेबलावर तीन वाडगे मांडलेले. फ्राउ ड्रेवेसनी तिसरा वाडगा उचलला नाही. तसाच राहू दिला.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“ऑक्टोबर संपताना. एक तारीख नाही दिसली तिला.” त्यांनी कागद पुढे सरकवला. “हे इस्पितळात लिहिलं. मी म्हटलं, आता कशाला हे? तर म्हणाली, नाही लिहिलं तर तू हाल्लेला भलत्याच फलाटावर उभा राहशील.”

“मग?”

“लिहूनसुद्धा राहिलो. म्हणून तर पाच वाजले.”

फ्राउ ड्रेवेस हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला रुमाल शोधायला लागल्या. मग चष्मा लावून त्यांनी कागद वाचला. “काळा पाव, अंडी. टिक. हाल्ले. इथेही टिक? अहो, चुकलात ना?”

“पोचलो तर खरं.”

“‘खोली: फ्राउ ड्रेवेस, फोन.’ हा चौकोन रिकामा आहे.”

“तो रिकामा होता म्हणूनच मी...”

फ्राउ ड्रेवेसनी पेन्सिल घेतली आणि त्या चौकोनात टिक केली. नीट, दाबून. मग बाकाच्याही खाली या वर्षी नव्याने लिहिलेली ओळ वाचली, आणि मित्रांनो, ती माझी होती! ‘हिरवा रंग, कुंपणाचा उरलेला. पाटीची अक्षरं पुसट झालीत. लोथारने रंगवायची.’

हेर पेशेलनी निळी पिशवी उघडली आणि अर्धा भरलेला रंगाचा डबा टेबलावर ठेवला. एवढ्या लांब, तीन गाड्या बदलून, पाव आणि अंड्यांच्या शेजारी तो माझ्यासाठी आला होता. आणि ते मला न रंगवता परत निघाले होते.

त्या रात्री मला डिंक लावून, वर इस्त्री आणि दोन जाड पुस्तकं ठेवून झोपवलं. रविवारी सकाळी हेर पेशेल टेकडीवरच्या बाकावर जाऊन आले, थर्मास आणि दोन कप घेऊन. तिथे काय केलं, मला माहीत नाही. मी इस्त्रीखाली होते. आल्यावर त्यांनी बाह्या वर केल्या आणि माझं एकेक अक्षर भरलं, ते बारीक अक्षरसुद्धा. सगळं झाल्यावर फ्राउ ड्रेवेस म्हणाल्या, “‘भरली’च्या खाली थोडी जागा आहे ना? तिथे एक ओळ लिहा.” लिहिली त्यांनी. वाकडी आली.

आता मी बारा महिने दारावर असते, नव्या स्क्रूवर. मधून एक फट दिसते, चालायचंच. माझ्या एका अंगावर लिहिलंय, ‘खोली मिळेल’. दुसऱ्यावर, ‘खोली भरली. तरी बेल वाजवा.’ उल्रिके वैतागते, लोक खरंच वाजवतात म्हणून. या वर्षी नोव्हेंबरच्या एक तारखेला फोनही वाजला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. फ्राउ ड्रेवेस म्हणाल्या, “सावकाश, हेर पेशेल. मी इथेच आहे.”

मित्रांनो, तुमच्या दारातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून फडकं मारत जा, गंजलेला स्क्रू दिसला तर वेळेवर बदला. आणि वर्षभर वाट बघून ज्या दाराशी पोचलात, तिथून नुसती पाटी वाचून फिरू नका.

आणि आता माझी शंका. उल्रिके म्हणते, स्क्रू गंजला होता, पडली. शेजारचे म्हणतात, बर्फाच्या वजनाने पडली. कुणाला काही सांगायची सोय नाही, पण तुम्हाला सांगितलं. पाटीने जागेवर राहायचं असतं, आणि मी सोडली जागा. ते परत फिरले नसते, तर मी आज चुलीतली राख असते आणि ते रात्रीच्या गाडीत एकटे बसलेले. तेव्हा खरं सांगा, तुम्ही त्या कडीवर असता आणि तो माणूस आठ पावलं गेलेला असता, तर तुम्ही काय केलं असतं?